आत्याचं आतडं पाच दिवस गप्प का होतं?

आत्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झाले होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न, वारं सरलं का. पुण्याहून काकांचा फोन आला की तेच, रामबागेतल्या शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या की तेच, आणि राउंडला येणारे डॉक्टरसुद्धा ड्रेसिंग नंतर बघायचे, आधी विचारायचे की आजी गॅस पास झाला का. आत्या सत्तरीची, सगळी नोकरी शाळेत गेलेली, असा प्रश्न चारचौघात कोणी विचारला की ती भिंतीकडे तोंड करायची.

तिच्या लहान आतड्याचा वीतभर तुकडा काढून दोन्ही टोकं शिवली होती. टाके छान होते, ताप नव्हता, पण पोट फुगलेलं आणि आत सगळं ठप्प. मी बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते हे कळल्यावर तिथल्या ज्युनिअर डॉक्टर मुलीनं मला स्टेथोस्कोप दिला, म्हणाली ऐका. मी आधी स्वतःच्या पोटावर लावून बघितला तर सारखं काहीतरी गुडगुड, बुडबुड, मध्येच एक लांब सूर. मग आत्याच्या पोटावर ठेवला. काहीच नाही. लाईट गेल्यावर फ्रिजची घरघर बंद होते आणि तेव्हाच कळतं ना की इतका वेळ हा आवाज चालू होता, अगदी तसं झालं मला.

डोक्यात एकच बसलं की कापलं वीतभर आणि बंद पडलं सगळं, असं कसं? लहान आतडं साधारण सहा मीटर लांब, पुढे मोठं आतडं दीडेक मीटर, त्यातल्या ज्या भागाला कोणी ब्लेडसुद्धा लावलं नाही तो का थांबला? त्यावर गेले काही महिने जे मिळेल ते वाचत बसले, आणि जे सापडलं ते मी इतकी वर्षं शिकवत असलेल्या धड्यात नाहीच. धड्यात पचनसंस्था एका चॅप्टरमध्ये, इम्यून सिस्टिम दुसऱ्या आणि नर्व्हस सिस्टिम तिसऱ्या, आणि आतड्याच्या भिंतीत मात्र हे तिघं एकमेकांना चिकटून बसलेले असतात.

आधी आतडं चालतं कसं ते बघू. लहानपणी प्लॅस्टिकच्या लांब नळीतली पेप्सी खाल्ली असेल ना, एक टोक दाताने तोडायचं आणि खालून दाबत दाबत बर्फ वर ढकलायचा. आतडं तेच करतं. घासाच्या मागचा भाग आवळतो आणि पुढचा भाग सैल पडतो, दोन्ही एकाच वेळी व्हायला पाहिजे, कारण मागून दाबलं आणि पुढेही आवळलेलंच असलं तर घास जागेवरच अडतो आणि कळ येते. बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये १८९९ साली कुत्र्याच्या आतड्यावर हे नीट तपासलं. आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नर्व्ह त्यांनी कापून टाकल्या, म्हणजे मेंदूचा आणि मणक्याचा संबंधच संपला, तरीही आत काही ठेवलं की मागे आवळणं आणि पुढे सैल पडणं चालूच. म्हणजे हुकूम वरून येत नाही, आतड्याच्या स्वतःच्याच भिंतीत काहीतरी आहे.

ते काहीतरी म्हणजे भिंतीतलं नर्व्हचं जाळं. चिरोट्याचे पदर डोळ्यासमोर आणा. सगळ्यात आत नाजूक अस्तर, त्याबाहेर स्नायूंचा एक पदर गोल गुंडाळलेला, त्याबाहेर दुसरा पदर उभा लांब, आणि या दोन स्नायूंच्या मध्ये नर्व्हचं जाळं पसरलेलं असतं, औरबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ते एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. अस्तराच्या खाली अजून एक बारीक जाळं असतं. दोन्ही मिळून न्यूरॉन, म्हणजे नर्व्हच्या पेशी, दहा कोटींच्या वर जातात, मज्जारज्जूच्या तोडीचे. पोटाला दुसरा मेंदू म्हणतात ते याच्यामुळे, मला तो शब्द जरा जास्त वाटतो कारण आतडं काही विचार करत नाही, पण आपलं काम ते कोणाला न विचारता करतं हे खरं. शिवाय ताल धरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावाच्या, त्यांच्यामुळे जठरात मिनिटाला साधारण तीन आणि लहान आतड्याच्या सुरुवातीला बाराच्या आसपास लाटा उठतात.

आणि एक लाट फक्त उपाशीपोटी येते. शेवटचं खाणं पुढे सरकलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक जोरदार लाट उरलंसुरलं सगळं ढकलत नेते. इंदूरमध्ये रात्री दुकानं मिटली की रस्ते झाडायच्या गाड्या निघतात तसंच समजा. काही खाल्लं की ही झाडलोट थांबते. रात्री साडेबाराला सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) आणि मग रबडी खाणाऱ्यांच्या आतड्यात ती गाडी जरा उशिराच निघते, मी पण त्यातलीच, सोडवत नाही.

आता खरी गोष्ट. स्नायूंच्या त्या पदरांमध्ये, नर्व्हच्या अगदी अंगाला लागून, अजून एक जात राहते. मॅक्रोफेज. ही पांढऱ्या पेशींच्या खानदानातली पेशी, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी. मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञानं १८८२ साली सिसिलीत ताऱ्यामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला आणि भोवती पेशी गोळा झालेल्या बघितल्या, त्यातून हा विषय सुरू झाला आणि १९०८ साली त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. तेव्हापासून मॅक्रोफेज म्हणजे खाणारा शिपाई हेच चित्र आपल्या डोक्यात, मी पण फळ्यावर तेच काढते, तोंड उघडलेला गोळा आणि समोर जंतू. पण आतड्याच्या स्नायूंत तर जंतू नसतात! जंतू आत, पोकळीत, अस्तराच्या पलीकडे. मग हे इतके शिपाई इथे कशाला तैनात?

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर हे शोधलं आणि वाचताना मी दोनदा मागे जाऊन तोच परिच्छेद वाचला. त्यांनी औषध देऊन स्नायूंतले हे मॅक्रोफेज काढून टाकले. जंतूंचं काही झालं नाही, बिघडली ती आतड्याची चाल. आतडं ताणलं की जे लयीत आवळायला पाहिजे ते वेडंवाकडं व्हायला लागलं. कारण हे मॅक्रोफेज एक प्रोटीन सोडतात, बीएमपी-२ नावाचं, आणि शेजारच्या न्यूरॉनवर ते झेलणारा रिसेप्टर असतो. न्यूरॉन त्याच्या बदल्यात दुसरं प्रोटीन सोडतात, सीएसएफ-१, ते मिळालं तरच मॅक्रोफेज टिकतात. म्हणजे एकमेकांना जगवणारे शेजारी. वाटीत भाजी पाठवायची आणि वाटी रिकामी परत करायची नाही, अशी आपल्याकडे पद्धत होती ना, तसं.

यात तिसरा भिडू पण आहे, आतड्यातले बॅक्टेरिया. त्याच प्रयोगात उंदरांना अँटिबायोटिक दिल्यावर ही देवाणघेवाण मंदावली आणि बॅक्टेरिया परत दिल्यावर पुन्हा सुरू झाली. अँटिबायोटिकचा कोर्स केला की पोट बिघडतं हे आपण सगळेच अनुभवतो, त्याची इतर कारणं पण आहेत आणि उंदरातली गोष्ट माणसाला जशीच्या तशी लावता येत नाही, पण पोकळीतल्या जंतूंची खबर स्नायूंच्या पदरापर्यंत पोचते एवढं तर दिसलंच.

पुढे २०१८ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातल्या लोकांनी अजून एक गोष्ट दाखवली. अस्तराजवळचे बरेचसे मॅक्रोफेज रक्तातून नवीन येत राहतात, जुने जातात, भाडेकरूंसारखे. पण नर्व्हला चिकटलेले काही मॅक्रोफेज तिथेच पिढीजात राहणारे, स्वतःच स्वतःची संख्या राखणारे. त्यांना काढलं की न्यूरॉन कमी व्हायला लागतात आणि आतडं मंद होतं.

आता आत्याकडे परत येते. ऑपरेशनमध्ये सर्जन आतडं हातात घेतो, बाजूला करतो, पूर्ण तपासतो, तपासावंच लागतं. पण जे अवयव जन्मात कधी कोणी हाताळले नाहीत त्यांच्या दृष्टीने हा मोठा हल्ला. पहिले काही तास नर्व्हच आतडं थांबवतात, ते लवकर ओसरतं. खरा लांबणारा भाग तीन-चार तासांनी सुरू होतो. हाताळल्यामुळे मास्ट पेशी, म्हणजे हिस्टामिनसारखी सूज आणणारी रसायनं साठवणाऱ्या इम्यून पेशी, फुटून आपला साठा ओततात, आणि एरवी नर्व्हशी गोडीनं राहणारे ते मॅक्रोफेज अलार्म वाजवायला लागतात, रक्तातून अजून पांढऱ्या पेशी बोलावतात, नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन सोडतात, आणि हे दोन्ही स्नायूला आवळू देत नाहीत. हे लोण हात लागलेल्या भागापुरतं राहत नाही, नर्व्हच्या वाटेनं बाकीच्या आतड्यालाही थांब म्हणून निरोप जातो. उंदरांमध्ये आतडं जितकं जास्त हाताळलं तितकी सूज जास्त आणि चाल मंद असं साफ दिसलंय. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पोट लवकर चालू होतं त्यातलं एक कारण हेच. वरून दुखू नये म्हणून मॉर्फिनच्या जातीची औषधं दिली तर तीही आतड्याच्या न्यूरॉनना गप्प करतात. साधारणपणे लहान आतडं एका दिवसात जागं होतं, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी. आत्याला जास्त लागले. म्हणून सगळे वारं सरायची वाट बघतात, कारण गॅस बाहेर आला म्हणजे शेवटचा माणूस उठला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी च्युइंगम चघळायला सांगितलं. आत्यानं सत्तर वर्षांत ते तोंडात घातलं नव्हतं, वर्गात चघळणाऱ्या मुलांना बाहेर काढलं होतं तिनं. पण चघळली, तासन् तास, मन लावून, डोळे मिटून. यामागे गंमत नाही, व्हेगस नर्व्ह आहे. ही मेंदूच्या देठातून निघून मान, छाती, हृदय, फुप्फुसं करत पोटापर्यंत येते, नावाचा अर्थच भटकी. तिच्यातले बहुतेक धागे पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आणि थोडेच वरून खाली हुकूम आणणारे. केव्हिन ट्रेसी या अमेरिकन संशोधकाच्या टीमनं २००० साली दाखवलं की ही नर्व्ह उद्दीपित केली तर प्राण्यांच्या शरीरातली भडकलेली सूज कमी होते. आतड्यात नंतर दिसलं की व्हेगस मॅक्रोफेजशी थेट बोलत नाही, ती भिंतीतल्या न्यूरॉनला सांगते, ते असिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात आणि त्यानं मॅक्रोफेज शांत होतात. चघळलं की मेंदूला वाटतं जेवण येतंय, व्हेगस जागी होते, असा हिशोब. काही चाचण्यांत गॅस थोडा लवकर सरला, पण आता ऑपरेशननंतर लवकर खायला-प्यायला द्यायची आणि लवकर चालवायची पद्धत आलीय, तिथे च्युइंगमनं वेगळा मोठा फरक पडेलच असं नाही. पाचव्या दिवशी पहाटे आत्यानं मला उठवलं आणि फक्त मान हलवली. मी समजले. वॉर्डातल्या मावशी पण हसल्या.

हे सगळं वाचायला घेतलं ते आत्यासाठी, पण वाचता वाचता डोळ्यासमोर सारखा माझा भाचा येत होता. एकोणीस वर्षांचा. दीड वर्षापूर्वी एका लग्नाहून आल्यावर त्याला जबरदस्त जुलाब झाले, तीन दिवस सलाईन. ते बरं झालं. पण पोट नंतर कधी पहिल्यासारखं झालंच नाही. जेवलं की अर्ध्या तासात कळ, कधी पाच वेळा जावं लागतं तर कधी दोन दिवस काहीच नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, स्टूल नॉर्मल, एंडोस्कोपीसुद्धा नॉर्मल. आणि मग एका डॉक्टरांनी त्याच्या आईबाबांसमोर सांगितलं की याला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत, अभ्यासाचं टेन्शन. घरी आल्यावर तो मला म्हणाला, मावशी मी नाटक करत नाहीये गं. त्याचा तो चेहरा मला अजून दिसतो.

तो नाटक करत नाहीये. पोटाच्या मोठ्या इन्फेक्शननंतर साधारण दहातल्या एकाला असं मागे लागतं. आयबीएस म्हणतात त्याला, इरिटेबल बाउल सिंड्रोम. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २०२० मध्ये उंदरांवर बघितलं की साल्मोनेलाच्या जातीच्या इन्फेक्शनमध्ये आतड्यातले काही न्यूरॉन मरतात, आणि जंतू संपून गेल्यावरही बरेच दिवस ती संख्या भरून निघत नाही, आतडं मंदच राहतं. तिथेही हेच मॅक्रोफेज न्यूरॉनना वाचवायला धावतात. इन्फेक्शन झालं की बाहेरून येणाऱ्या नर्व्ह नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात, मॅक्रोफेजवर त्याचा बीटा-२ रिसेप्टर असतो, दम्याचा पंप फुप्फुसात ज्या रिसेप्टरवर काम करतो तोच, आणि तो चालू झाला की मॅक्रोफेज न्यूरॉनला जपणारी रसायनं बनवतात. म्हणजे एकाच पेशीचे दोन स्वभाव. ऑपरेशनच्या टेबलावर तीच आग लावते आणि इन्फेक्शनमध्ये तीच शेजाऱ्याला घराबाहेर काढून वाचवते, कुठली बातमी कुठून आली यावर सगळं ठरतं.

आणि दुखण्याचं काय? इटलीत बोलोन्याच्या संशोधकांनी २००४ मध्ये आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याचे बारीक तुकडे तपासले, तर मास्ट पेशी नर्व्हच्या जास्त जवळ होत्या, आणि जितक्या जास्त अशा जवळच्या पेशी तितकं दुखणं जास्त. हे एंडोस्कोपीत दिसत नाही. कॅमेऱ्याला अस्तर गुलाबी दिसतं आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहिलं जातं, खोटं काही नसतं त्यात, फक्त कॅमेरा तेवढंच बघू शकतो.

२०२१ मध्ये ल्यूव्हनच्याच टीमचं काम आलं, ते मी भाच्याला शेजारी बसवून समजावलं. उंदरांना आतड्याचं इन्फेक्शन असतानाच एक साधं प्रोटीन खायला दिलं, अंड्यातलं. इन्फेक्शन गेल्यावर कितीतरी दिवसांनी तेच प्रोटीन परत दिलं तर त्यांचं पोट दुखायला लागलं, नुसतं प्रोटीन खाल्लेल्या, इन्फेक्शन न झालेल्या उंदरांना काही झालं नाही. आतड्याची इम्यून सिस्टिम रोजच्या अन्नाकडे दुर्लक्ष करायला शिकलेली असते, पण मारामारी चालू असताना समोर जे अन्न दिसलं त्यालाही तिनं शत्रूच्या यादीत टाकलं. मग ते अन्न आलं की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि दुखण्याच्या नर्व्ह हळव्या होतात. अंगावर पित्त उठतं तसंच, पण फक्त आतड्यात, म्हणून स्किनच्या आणि रक्ताच्या अॅलर्जी टेस्टमध्ये काही येत नाही. मग त्यांनी माणसांत बघितलं, गहू, दूध, सोया यांचे अर्क गुदाशयाच्या अस्तरात टोचले, तर आयबीएसच्या बाराच्या बारा जणांना कुठल्या ना कुठल्या अर्काला सूज आली आणि आठ धडधाकट लोकांत फक्त दोघांना. माणसं थोडी आहेत, अजून बरंच काम बाकी आहे. पण भाचा हे ऐकून गप्प झाला आणि मग म्हणाला, म्हणजे लग्नातलं जेवण लक्षात ठेवलंय त्यानं.

टेन्शनचा संबंध नाही असंही मी म्हणत नाहीये. परीक्षेच्या सकाळी मुलं दोनदा जाऊन येतात हे मी दरवर्षी बघते. मेंदूकडून येणारे निरोप याच मॅक्रोफेज आणि मास्ट पेशींपर्यंत पोचतात, थेट किंवा शेजाऱ्यांमार्फत, म्हणून ताण आला की पोटावर परिणाम होणारच, पण तो परिणाम पेशींमध्ये होतो, हवेत नाही. मनाचं आहे आणि शरीराचं नाही अशी फाळणी आतड्याच्या भिंतीत कुठे दिसतच नाही. ज्याला दुखतं त्याला हे कोणीतरी नीट सांगायला पाहिजे, निदान घरच्यांनी तरी.

फक्त एक. शौचात रक्त, विनाकारण वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ किंवा जुलाब, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास, यातलं काही असेल तर आयबीएस आयबीएस करत घरी बसू नका, सरळ दाखवा.

उपचारात पण ही समज हळूहळू उतरतेय. हिस्टामिनला अडवणारी एबॅस्टीन नावाची गोळी, आपल्याकडे शिंका आणि अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी देतात ती, आयबीएसमध्ये देऊन बघितलीय, काही जणांना गोळीनं आराम पडला, बऱ्याच जणांना नाही पडला, म्हणून मेडिकलवरून स्वतःच आणून घेऊ नका. भाच्याला आता दुसऱ्या डॉक्टर भेटल्यात, त्यांनी ऐकून घेतलं आणि आधी एक वही घालायला सांगितली, काय खाल्लं, किती वाजता, नंतर काय झालं. कांदा, दूध असे काही पदार्थ काही आठवडे बंद करून एकेक परत आणून बघतोय. आत्या आता बरी आहे, ती ही वही रोज संध्याकाळी मागवून तपासते, लाल पेननं शुद्धलेखन पण सुधारते. परवाच्या पानावर लिहिलंय, सकाळी उसळ-पोहे, कांदा नाही, शेव थोडी. अकरा वाजता बारीक कळ, पाच मिनिटं. कॉलेजला गेलो.